डोळ्यांपुढच्या माश्या आणि शस्त्रक्रियेचा मोह



नाहूरच्या पूर्वेला द्रुतगती महामार्ग ओलांडला की मिठागरांचा आणि खाडीचा मोकळा पट्टा लागतो. मुंबईच्या उपनगरांत एवढे सलग आकाश फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. पावसाळा सरल्यावर एखाद्या स्वच्छ दुपारी, सूर्य पाठीशी ठेवून, पूर्वेच्या निरभ्र आकाशाकडे मिनिटभर शांतपणे पाहा. तुमच्यापैकी पुष्कळांना काही चमत्कारिक गोष्टी दिसतील. दोऱ्याचे तुकडे, पारदर्शक मणी, कोळ्याच्या जाळ्याचे धागे, एखादा करडा ठिपका. त्यांच्याकडे नीट पाहावे म्हणून नजर वळवली की ते निसटतात. नजर थांबली की तेही हेलकावे खात थांबतात.

आपल्याकडे यांना 'डोळ्यांपुढच्या माश्या' म्हणतात. लॅटिन भाषेतील जुन्या वैद्यांनीही यांना 'उडत्या माश्या' असेच नाव दिले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तिमिर या नेत्ररोगाची लक्षणे सांगताना रोग्याला माश्या, डास, केस आणि जाळी दिसतात असा उल्लेख आहे. कारणमीमांसा त्या काळची असली तरी निरीक्षण किती अचूक होते पाहा!

आज या माश्या काढून टाकण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. ती करावी का, कोणी करावी आणि कोणी करू नये, याविषयी माझे मत मला या लेखात मांडायचे आहे. मी डॉक्टर नाही. पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस आहे. परंतु हा प्रश्न छायेचा आहे, मोजमापाचा आहे आणि संभाव्यतेचा आहे. या तिन्ही गोष्टी तुमच्या शाळेच्या अभ्यासक्रमात आहेत. तेव्हा वैद्यकाकडे वळण्यापूर्वी थोडे पदार्थविज्ञान करू.

डोळ्यातील सावली

डोळ्याचे भिंग आणि मागचे दृष्टिपटल यांच्यामधली जागा काचाभ द्रवाने भरलेली असते. नाव द्रव असले तरी तरुणपणी तो जेलीसारखा घट्टसर असतो. त्याचे आकारमान सुमारे ४ घन सेंटिमीटर. त्यात ९८ ते ९९ टक्के पाणी. उरलेल्या अल्प भागात कोलॅजेन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म तंतू आणि हायलुरॉनिक आम्ल असते. तंतू एकमेकांपासून नीट अंतरावर पसरलेले असतात तोवर जेली काचेसारखी पारदर्शक राहते. वय वाढते तशी जेलीत पाण्याची डबकी तयार होतात आणि तंतू एकत्र येऊन त्यांच्या गुंतवळी बनतात. या गुंतवळींची दृष्टिपटलावर पडणारी सावली म्हणजेच आपली 'माशी'.

आता ग्रहणाचा धडा आठवा. प्रकाशाचा उगम विस्तृत असला की सावलीचे दोन भाग होतात : गडद प्रच्छाया आणि फिकट उपच्छाया. डोळ्याच्या आत हा विस्तृत उगम कोणता? आपण एकसारख्या उजळ आकाशाकडे पाहत असताना दृष्टिपटलावरच्या प्रत्येक बिंदूला संपूर्ण बाहुलीतून प्रकाश मिळत असतो. म्हणून सावलीच्या दृष्टीने बाहुली हाच आपला उगम.

बाहुली ते दृष्टिपटल हे अंतर ढोबळमानाने २० मि.मी. धरा. उन्हात बाहुली आकुंचन पावून तिचा व्यास २ मि.मी. झाला आहे आणि जेलीत ०.१ मि.मी. जाडीचा एक गुंता तरंगतो आहे असे समजा. हा गुंता दृष्टिपटलाच्या किती जवळ असला तर त्याची प्रच्छाया पटलावर पडेल? समरूप त्रिकोणांनी उत्तर मिळते : २० गुणिले ०.१ भागिले २, म्हणजे १ मि.मी. गुंता यापेक्षा दूर असेल तर पटलावर केवळ उपच्छाया पडते आणि आपल्याला अंधुक डाग दिसतो. फार दूर असेल तर काहीच जाणवत नाही. तिन्हीसांजेला बाहुली ६ मि.मी. झाली की हेच अंतर मि.मी.च्या एक तृतीयांशावर येते. माश्या उन्हात, पांढऱ्या भिंतीवर किंवा उजळ पडद्यावर त्रास देतात आणि संध्याकाळी गायब होतात, त्याचे कारण एवढे साधे आहे.

सावली दिसते तरी केवढी? पूर्ण चंद्राची दृष्टिपटलावर पडणारी प्रतिमा सुमारे ०.१५ मि.मी. व्यासाची असते. आपला गुंता ०.१ मि.मी.चा. म्हणजे टाचणीच्या टोकासारखा एक कण आपल्याला जवळजवळ दोन तृतीयांश चंद्राएवढा दिसणार! वाचताना असा डाग दर क्षणी ओळीवरून सरकत असेल, तर माणूस वैतागेल की नाही, तुम्हीच सांगा.

घरी एक प्रयोग करून पाहा. जाड कागदाला टाचणीने बारीक छिद्र पाडा, कागद डोळ्याजवळ धरा आणि त्यातून उजळ आकाशाकडे पाहा. उगम लहान झाल्यामुळे धागे एकदम रेखीव दिसू लागतील. मात्र सूर्याकडे कधीही, छिद्रातूनसुद्धा, पाहू नका. त्याने दृष्टिपटलाला कायमची इजा होते.

धोक्याची घंटा कोणती?

या माश्या बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. परंतु याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो प्रत्येकाने पाठ करून ठेवावा असे मला वाटते.

साधारणपणे पन्नाशी-साठीच्या सुमारास आक्रसलेली जेली दृष्टिपटलापासून सुटते. ज्यांना जवळचे दिसते पण लांबचे दिसत नाही, त्यांचे नेत्रगोल लांबट असतात. त्यांच्यात हे लवकर घडू शकते. सुटताना जेली पटलाला ओढते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. ताण पडला तरी त्याला एकच भाषा ठाऊक, प्रकाशाची. म्हणून अंधारातही डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखी वाटते. बहुतेकांची जेली सुखरूप सुटते. काहींच्या बाबतीत मात्र ओढीने पटलाला चीर पडते, चिरेतून द्रव मागे शिरतो आणि पटल भिंतीवरचा ओला कागद सुटावा तसे सुटत जाते. यालाच 'पडदा सरकणे' म्हणतात.

तेव्हा अचानक असंख्य नव्या माश्या किंवा काजळीचा पाऊस दिसू लागणे, प्रकाशाचे झोत चमकणे, दृष्टीच्या एखाद्या बाजूने काळी सावली पुढे सरकणे, ही तीन चिन्हे आहेत. यांपैकी एक जरी दिसले तरी 'परीक्षा झाल्यावर बघू' असे म्हणू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन बाहुली मोठी करणारे थेंब घालून पटलाची तपासणी करून घ्यावी. नुसती चीर असेल तर लेझरने तिच्याभोवती डाग देऊन ती जागच्या जागी पक्की करता येते. पटल सुटले तर मोठी शस्त्रक्रिया करावी लागते आणि तेव्हा प्रत्येक दिवस मोलाचा असतो. आपल्या मुंबईत मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत ही सोय आहे. नाहूरहून धीम्या लोकलने भायखळ्याला उतरले की जे. जे. रुग्णालय फार लांब नाही.

अशा वेळी लगेच उपचार करायला हवेत याबद्दल दुमत नाही. आपला आजचा वाद आहे तो दुसऱ्या प्रकाराबद्दल. तपासणीत पटल निरोगी आहे, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, आणि तरीही माश्यांचा जाच होतो. अशा माणसाने काय करावे?

चाकू कसा आला?

१९७० पूर्वी काचाभ द्रवाला हात लावणे हे बहुतेक शस्त्रवैद्य टाळत असत. जेलीला ओढ बसली की पटलाला इजा होणार, ही भीती होती. अमेरिकेतील मायामी येथे डॉ. रॉबर्ट माखेमर यांनी एक पोकळ नळी तयार केली. तिच्या टोकाशी जेली आत खेचली जाते, तिथल्या तिथे कापली जाते आणि त्याच वेळी तेवढेच द्रावण आत सोडले जाते. ओढ बसण्यापूर्वीच कापणे, ही यातली मेख. आरंभीचे प्रयोग त्यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकावर केले. १९७० मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर ही शस्त्रक्रिया केली. तिला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात.

तेव्हाची नळी बरीच जाड होती. आजच्या नळ्या अर्धा मि.मी. किंवा त्याहून बारीक असतात, मिनिटाला हजारो वेळा कापतात आणि बहुधा टाकाही घालावा लागत नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या डोळ्यात रक्तस्राव झाला, अपघातात ज्यांचा डोळा फुटला, ज्यांचे पटल सुटले, अशा असंख्य लोकांची दृष्टी या शोधाने वाचवली. माखेमर यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच.

परंतु हत्यार सुधारले की त्याचा वापर वाढतो. आंधळे होऊ घातलेल्या डोळ्यासाठी जे निर्माण झाले, ते आता चांगल्या दिसणाऱ्या डोळ्यासाठीही सुचवले जाते. म्हणून थांबून हिशेब करायला हवा.

हिशेबाच्या दोन बाजू

आधी रुग्णाची बाजू ऐकू. ती ऐकली जात नाही ही माझी पहिली तक्रार आहे. 'तक्ता वाचता येतो ना? मग काही झालेले नाही. लक्ष देऊ नका,' असे उत्तर पुष्कळांना मिळते. पण तक्ता काय मोजतो? पांढऱ्यावरची ठळक काळी अक्षरे किती लहान असली तरी ओळखता येतात, एवढेच. धुक्यात उभी असलेली करडी गाडी, मळकट भिंतीसमोरची पायरी, फिकट छपाई हे ओळखण्याचे सामर्थ्य वेगळे. त्याला विरोधसंवेदन म्हणू. गुरुजनहो, फळ्यावर सारख्याच आकाराची अक्षरे खडूने क्रमाक्रमाने फिकट करत काढा आणि मागच्या बाकावरून वाचायला सांगा, म्हणजे मुलांना फरक लगेच कळेल. अमेरिकेतील डॉ. जे. सेबाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले की माश्यांनी त्रासलेल्या रुग्णांचे हे सामर्थ्य खरोखरच घटलेले असते आणि शस्त्रक्रियेनंतर ते पूर्ववत होते. म्हणजे तक्रार मनाचे खेळ नव्हती. तिला योग्य मोजपट्टी लावली गेली नव्हती.

सिंगापूरमध्ये डॉ. अजित वागळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३११ रुग्णांना एक कठोर प्रश्न विचारला. या माश्या नाहीशा करण्यासाठी तुम्ही किती धोका पत्कराल? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचे उत्तर चकित करणारे आहे. सरासरीने लोक आंधळे होण्याचा ७ टक्के धोका पत्करायला तयार होते. उरलेल्या आयुष्यातील दर दहा वर्षांमागे सुमारे एक वर्ष द्यायलाही तयार होते. पंचावन्नच्या आतले रुग्ण वयस्क रुग्णांपेक्षा अधिक त्रस्त होते. यानंतर या त्रासाला क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार कोणाला उरतो?

आता दुसरी बाजू. नेदरलँड्समध्ये केवळ माश्यांसाठी शस्त्रक्रिया झालेल्या ११६ डोळ्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया चालू असतानाच सुमारे १६ टक्के डोळ्यांत पटलाला चीर पडली. ती तिथल्या तिथे दुरुस्त केली गेली. ३ डोळ्यांत पुढे पडदा सुटला. तुमच्या वर्गात ४० विद्यार्थी असतील तर त्यांतला एक, असे हे प्रमाण झाले. हत्यारे आणि तंत्र पुढे सुधारले हे खरे. तरी धोका शून्य झालेला नाही. आत जंतुसंसर्ग होण्याची शक्यता फार थोडी असते, पण तो झाला तर डोळा जाऊ शकतो.

तिसरी किंमत सावकाश वसूल होते. काचाभ जेली भिंगापर्यंत प्राणवायू फारसा पोहोचू देत नाही. ती काढून पाणी भरले की हे संरक्षण जाते आणि भिंग गढूळ होऊ लागते. पन्नाशीपुढच्या माणसाला त्यामुळे मोतीबिंदू लवकर होतो. काढलेली जेली पुन्हा तयार होत नाही. तिच्या जागी डोळ्यात तयार होणारे पाणीच राहते. भिंगामागची थोडी जेली मुद्दाम शिल्लक ठेवून हा धोका कमी करण्याची पद्धत सेबाग यांनी वापरली आहे. यावरूनही त्या निरुपयोगी वाटणाऱ्या जेलीचे मोल कळते.

लेझरचे काय? लेझरच्या झोताने गुंत्याचे तुकडे वा वाफ करता येते. २०१७ साली अमेरिकेत ५२ रुग्णांवर झालेली चाचणी विद्यार्थ्यांनी अभ्यासावी अशी आहे. काहींना खरा लेझर दिला, काहींना उपचाराचा नुसता देखावा केला. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. सहा महिन्यांनी खऱ्या गटात ५४ टक्के आणि देखाव्याच्या गटात ९ टक्के सुधारणा नोंदली गेली. म्हणजे उपचारात तथ्य आहे. पण जवळजवळ निम्म्यांना गुण आला नाही, चाचणी लहान होती, आणि निवडलेले रुग्ण जेली सुटून तिची एक ठळक वर्तुळाकार गुंतवळ तरंगत असलेले होते. तरुणाच्या डोळ्यातील पटलाजवळच्या धाग्यांना हे निष्कर्ष लावता येत नाहीत. 'दहा मिनिटांत माश्यांपासून मुक्ती' अशी जाहिरात वाचाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. आणि थेंब, चूर्ण, गोळ्या यांनी हे गुंते विरघळतात असे विश्वासार्ह चाचणीत सिद्ध झालेले नाही. तिथे पैसे घालवू नका.

मग माझे मत काय?

या दोन बाजू मांडल्यावर कोणी म्हणेल, 'लोक स्वतः ७ टक्के धोका पत्करायला तयार आहेत आणि प्रत्यक्ष धोका त्याहून कमी आहे. मग अडवता कशाला?' युक्तिवाद बिनतोड वाटतो. मला त्यात तीन उणिवा दिसतात.

पहिली उणीव वेळेची. त्रास नवा असताना दिलेले उत्तर वर्षभराने तेच राहील असे नाही. गुंते गुरुत्वाने खाली बसतात किंवा पटलापासून दूर जातात. वर केलेल्या हिशेबानुसार मि.मी.-दोन मि.मी. दूर गेले तरी प्रच्छायेची उपच्छाया होते. शिवाय आपला मेंदू नेहमीच्या निरर्थक खुणा गाळायला शिकतो. रेल्वेलाइनजवळ राहणाऱ्याला लोकलचा आवाज जसा ऐकू येईनासा होतो, तसेच हे. केलेली शस्त्रक्रिया मात्र परत फिरवता येत नाही.

दुसरी उणीव वयाची. सर्वांत जास्त त्रागा तरुणांचा आणि धोकाही त्यांनाच वेगळ्या प्रकारे अधिक. त्यांची जेली पटलाला घट्ट चिकटलेली असते. ती सोडवायला जावे तर चीर पडण्याचा संभव. लांबट नेत्रगोलाचे पटल आधीच ताणलेले असते. आणि विशी-पंचविशीच्या माणसाला त्या डोळ्यासह आणखी पन्नास वर्षे काढायची असतात.

तिसरी उणीव तुलनेची. आंधळ्या होऊ घातलेल्या डोळ्याला शस्त्रक्रियेने गमावण्यासारखे थोडे आणि मिळवण्यासारखे पुष्कळ असते. निरोगी डोळ्याचे पारडे उलट असते. म्हणून पहिल्या डोळ्यासाठी योग्य ठरलेला धोका दुसऱ्यासाठी आपोआप योग्य ठरत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. नव्याने माश्या दिसू लागल्या तर प्रथम पटलाची तपासणी, ती टाळायची नाही. पटल ठीक असेल तर निदान काही महिने, शक्यतो वर्षभर थांबावे. उन्हात गडद चष्मा वापरावा. संगणकाच्या पडद्याची पार्श्वभूमी पांढऱ्याऐवजी करडी ठेवावी. इतके करूनही ज्याचे काम अडते, ज्याच्या विरोधसंवेदनाची मोजणी खरोखरच कमी येते, ज्याची जेली आधीच सुटलेली आहे, अशा प्रौढ माणसाने अनुभवी रेटिनातज्ज्ञाशी धोक्यांचे आकडे समोर ठेवून बोलावे आणि मग शस्त्रक्रिया करून घेतली तर त्याला घाबरट किंवा हौशी म्हणू नये. अशा निवडक रुग्णांपैकी बहुसंख्य समाधानी असतात. शाळा-कॉलेजातील विद्यार्थ्याने मात्र या वाटेला जाण्याची घाई करू नये, आणि कोणी त्याला तिकडे ढकलत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

डॉक्टरांकडे जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. माझी जेली पटलापासून सुटली आहे का? माझ्यासारख्या डोळ्यात चीर पडण्याचे आणि मोतीबिंदूचे प्रमाण किती? थांबलो तर काय बिघडेल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

शिक्षकमित्रांना एक विनंती. छायेचा धडा शिकवताना ग्रहणाच्या आकृतीसोबत टाचणीच्या छिद्राचा हा प्रयोगही करून घ्या. वर्गात किती जणांना धागे दिसले, उन्हात आणि सावलीत काय फरक पडला, चष्मा असलेल्यांना अधिक दिसले का, याची नोंद फळ्यावर करा. त्यात एखाद्या मुलाने काजवे चमकल्याचे किंवा काळा पडदा सरकल्याचे सांगितले, तर त्या दिवशी त्याच्या पालकांना शाळेत बोलावून घ्या आणि त्याला लगेच तपासणीला पाठवा.